शेवटचा आकडा

या शहराला समुद्र नाही, शिक्का मात्र नांगराचा.
बर्मिंगहॅमला तपासलेल्या सोन्याचांदीवर तोच असतो,
आणि तेवीस वर्षं तो मी उमटवते.
पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, शेतातला.

बाईचं आडनाव ताक.
मला हसू आलं, तिने भिवया उचलल्या.
‘आमच्याकडे पितात,’ म्हटलं, ‘जेवण झाल्यावर.’
त्यावर ताक उन-शिल इतकी हसली
की शेजारच्या खिडकीतला इयन मान वाकडी करून बघायला लागला.

ट्रेमध्ये तिची पोत होती,
काळसर, तुळतुळीत, उचलली तर हाताला कळू नये अशी.
चांदीचा होता तो नुसता फासा.
फाशावर नांगर मारून दिला.
उरलेल्या पोतीसाठी
फॉर्मवर रकाना नव्हता.
‘कागद,’ ती म्हणाली.

व्हाइस स्ट्रीटला
टाकांच्या निबांचा जुना बंद कारखाना आहे,
त्याच्या माळ्यावर तिचं बाक.
तिच्या देशातलं तुतीच्या जातीचं झाड,
थंडीत सोललेली साल, तिचा हा कागद:
ओढला तर फाटत नाही, कुरकुरतो.
ती पट्ट्या कापते, पाण्याच्या वाटीत बोट बुडवते
आणि अंगठ्याखाली पट्टीची दोरी होते.
मी न विचारता एक घेतली,
तळहातावर वळली, जशी समईची वात वळतात.
तिने ती उलगडून टाकली.
‘तुझा पीळ जळण्यासाठी आहे,’ म्हणाली,
‘मला राहणारा हवा.’
सुंभ जळतो आणि पीळ राहतो,
हे तिला सांगायला माझं इंग्रजी पुरलं नाही.

पूर्वी म्हणे जुन्या पोथ्यांची पानंही वळत,
अक्षरांचे नुसते ठिपके उरत दोरीवर.
‘घरी आहे का काही? लिहिलेलं?’

होतं.
बार्शीचं दुकान विकलं तेव्हा
भावाने तराजू घेतला, कसोटीचा दगड घेतला,
मी गहाणाची चोपडी.
इथे ती पासपोर्टांच्या खाली असते.
दादांचं अक्षर, उजवीकडे कललेलं:
सरूबाई फुटाणे, पाटल्या जोड,
साडेचार तोळे, दोन गुंजा घट.
पुढे ‘सोडवले’चा रकाना. कोरा.
त्या पाटल्या वितळल्या.
माझी कॉलेजची पहिली फी त्यातूनच गेली असेल,
नसेलही.
दादांना मी कधी विचारलं नाही,
आणि आता विचारायला दादा नाहीत.

तेच पान दिलं.
उन-शिलने उजेडात धरलं, वास घेतला, कोपरा चावला.
गिरणीचा कागद, तंतू आखूड,
दुसऱ्याच वळशाला तुटला.
मी म्हटलं, जाऊ दे.
ती ऐकत नव्हती. तुकडे ओळीने लावले,
भोवती आपल्या सालीची पट्टी घातली
आणि वळत गेली, वळत गेली,
चहा गार झाला, खाली कुणीतरी शटर ओढलं.

कडं झालं. सरूबाई आत.
बाहेर एकाच जागी निळ्या शाईचा ठिपका,
तोळ्यातला, की नावातला, सांगता येत नाही.
‘अजून रोगण द्यायचंय,’ म्हणाली, ‘सोमवारी आण परत.’

शुक्रवारी सगळे गेल्यावर
मी ते ऑफिसच्या काट्यावर ठेवलं.
काचेचं दार लावलं, हात मांडीवर ठेवले.
सोनं ठेवलं की हा काटा दोन श्वासांत थांबतो.
तीन ग्रॅम, आणि पुढचे आकडे...
शेवटचा ठरेना.
सात, आठ, परत सात, नऊ.
बाहेर भुरभुर चालू होती,
कागद हवेतलं पाणी पीत होता
आणि सोडत होता.

दादा असते तर म्हणाले असते, काटा बिघडलाय.
मी वहीत वजन लिहायला घेतलं होतं,
तारीख घातली,
नाव घातलं.